झूम किती, उजेड किती

कॉलेजच्या कुठल्याही कार्यक्रमात गळ्यात कॅमेरा दिसला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "किती झूम होतं गं?" स्नेहसंमेलन असो, नाताळची कॅरल्स असोत की आपल्या वाङ्मय मंडळाचं काव्यवाचन, प्रश्न तोच. विचारणाऱ्यांचा काही दोष नाही. मोबाइलच्या जाहिरातींनी आपल्याला तेच शिकवलंय. दहापट, तीसपट, शंभरपट. आकडा मोठा तितकी वस्तू भारी.

डीएसएलआरच्या लेन्सला मात्र हा हिशेब लागू पडत नाही. कॅमेऱ्याबरोबर खोक्यात येणारी साधी लेन्स असते १८-५५ मिलीमीटरची. ५५ भागिले १८, म्हणजे जेमतेम तीनपट झूम. १८-३०० ची लेन्स घेतली तर सोळापटीहून जास्त. आणि क्रिकेटच्या मैदानाच्या कडेला, मोठ्या लग्नांत, वर्तमानपत्रांच्या छायाचित्रकारांकडे जी हमखास दिसते ती ७०-२०० ची लेन्स तर तीनपटसुद्धा नाही. तरी या तिघींत सगळ्यात महाग तीच आणि सगळ्यात जडही तीच. मग एवढे पैसे नेमके कशाचे?

हा प्रश्न मला गेल्या वर्षी स्वतःसाठीच सोडवावा लागला. ट्यूशन घेऊन साठवलेले १८ हजार रुपये हातात होते, आणि त्यात एकच लेन्स येणार होती. दोन नाही. एकच.

आधी झूम म्हणजे काय ते पाहू. ज्या लेन्सची फोकल लेंथ बदलता येते ती झूम लेन्स. आकडा लहान, म्हणजे १७ किंवा १८, असेल तर दृश्य रुंद दिसतं, अख्खी खोली चौकटीत मावते. आकडा मोठा, म्हणजे २०० किंवा ३००, असेल तर दृश्याचा छोटासा तुकडा मोठा होऊन दिसतो. आपल्यासारख्या विद्यार्थ्यांकडे असतात त्या कॅमेऱ्यांचा सेन्सर जुन्या ३५ मिलीमीटर फिल्मपेक्षा लहान असतो, त्यामुळे निकॉनमध्ये हा आकडा दीडपट आणि कॅननमध्ये १.६ पट धरायचा. आपली ५० ची लेन्स ७५ ते ८० सारखी वागते, ती अशी.

स्थिरचित्रणात झूम लेन्स तशी उशिराच आली. ३५ मिलीमीटरच्या कॅमेऱ्यासाठी पहिली झूम लेन्स १९५९ साली फोक्टलेंडर कंपनीने आणली. तिचं नाव झूमर, आणि तिची मर्यादा ३६ ते ८२ मिलीमीटर. त्याआधी लोक काय करायचे? पायांनी झूम करायचे! त्यासाठी आपल्या इंदूरचंच उदाहरण घ्या. लाला दीनदयाळ (१८४४-१९०५) मूळचे मेरठजवळच्या सरधन्याचे, शिकले रुडकीला. इंदुरात बांधकाम खात्यात नोकरीला असताना, १८७४ च्या सुमारास, ते फोटोग्राफीकडे वळले. पुढे हैदराबादच्या निजामाचे दरबारी छायाचित्रकार झाले आणि 'राजा' दीनदयाळ म्हणून ओळखले गेले. मोठा लाकडी कॅमेरा, काचेच्या प्लेटा आणि तिकाटणं. चौकट बदलायची तर तिकाटणं उचलून दुसरीकडे न्यायचं, नाहीतर लेन्सच बदलायची. म्हणजे उभं कुठे राहायचं हे आधी ठरवायला लागायचं.

हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण झूम केल्याने आपण जवळ जात नाही, फक्त दूरचं मोठं दिसतं. माणसाच्या अगदी तोंडाशी जाऊन १८ वर फोटो काढला तर नाक मोठं आणि कान गायब. तोच चेहरा दोन मीटरवरून ५० वर काढला की माणूस माणसासारखा दिसतो. हा फरक लेन्सच्या काचेने पडत नाही, आपण किती लांब उभे आहोत त्याने पडतो. झूम लेन्स इतकंच करते, की त्या जागेवरून हवी तेवढी चौकट आपल्याला देते.

आता महागड्या ७०-२०० चं कोडं. लेन्सवर मिलीमीटरच्या शेजारी आणखी एक आकडा छापलेला असतो. १:३.५-५.६ किंवा नुसतं १:२.८. बोलताना आपण त्याला एफ/३.५, एफ/२.८ असं म्हणतो. पैसे जातात ते याच आकड्याला. फोकल लेंथला या आकड्याने भागलं की लेन्सच्या छिद्राचा व्यास मिळतो. २०० ला २.८ ने भागा, सुमारे ७१ मिलीमीटर येतात. म्हणजे पुढची काच निदान तेवढी रुंद हवीच. म्हणून त्या लेन्सच्या तोंडाला ७७ मिलीमीटरचा फिल्टर लागतो आणि वजन दीड किलोच्या आसपास जातं. एवढी मोठी काच, तीही कडेपर्यंत नितळ घासलेली, स्वस्तात कशी मिळणार?

आकडा लहान तर उजेड जास्त, हे उलटं गणित एकदा डोक्यात बसलं की पुढचं सोपं आहे. २.८ वरून ४ वर गेलं की उजेड निम्मा होतो, ४ वरून ५.६ वर गेलं की आणखी निम्मा. खोक्यातली लेन्स १८ वर एफ/३.५ देते, पण झूम करत ५५ पर्यंत गेलात की एफ/५.६ वर येऊन बसते. म्हणजे त्याच ठिकाणी एफ/२.८ ची लेन्स चौपट उजेड आत घेईल. आणि चांगल्या झूमची एक खूण हीच, की झूमची कडी कुठेही फिरवा, हा आकडा हलत नाही.

मोठ्या झूमवाल्या लेन्सचं दुखणं इथेच आहे. १८ पासून ३०० पर्यंत सगळं एकाच नळकांड्यात बसवायचं म्हणजे काचांना सगळीकडे तडजोड करावी लागते. रुंद टोकाला दाराच्या सरळ चौकटी बाहेर फुगल्यासारख्या दिसतात, लांब टोकाला कडा मऊ पडतात आणि उजेड कमी. प्रवासात एकच लेन्स न्यायची असेल, भर उन्हात फिरायचं असेल, तर ती सोयीचीच आहे, तिला नावं ठेवू नयेत. पण ती दर्जासाठी नाही, सोयीसाठी आहे. फक्त हे माहीत असून घ्यावी.

एवढं सगळं समजलं तरी माझं ठरेना, कारण मला दोन गोष्टी हव्या होत्या.

एक म्हणजे सिरपूरचा तलाव. हिवाळ्यात सकाळी तिथे गेलं की पाण्यावर बदकांचे थवे असतात, काठच्या झाडावर पाणकावळे पंख पसरून वाळवत बसलेले असतात. माझ्या ५५ मध्ये ते सगळे ठिपके. त्यासाठी हवी होती ७०-३००. उन्हात एफ/५.६ सुद्धा चालतं, म्हणून ती तशी आवाक्यातही होती.

दुसरी गोष्ट आमचा वाडा. राजवाड्यापासून पायी दहा मिनिटांवर, गल्लीत. दिंडी दरवाजा, ओसरी, मधला चौक, मग माजघर. दिवाळीनंतर तो बिल्डरला द्यायचं ठरलेलं होतं. काका, बाबा आणि आत्या यांची सह्यांची कामंही झाली होती. त्यात कुणाची चूक आहे असं मला वाटत नाही. मागची भिंत ओल धरून फुगली होती, आणि ८४ वर्षांच्या आजोबांना रात्री उठून चौक ओलांडून जावं लागायचं. पण जे जाणार ते जाणार, हे नक्की होतं. आजोबा दिवसभर बसायचे ते माजघरात, खांबाला टेकून. तिथे भर दुपारीसुद्धा संध्याकाळ असते. उजेड येतो तो फक्त चौकातून, तोही वळण घेऊन.

मग मी माझे जुने फोटो तपासले. प्रत्येक फोटोच्या माहितीत तो किती मिलीमीटरवर काढला, शटर किती होतं, हे सगळं आपोआप नोंदलेलं असतं. नवीन लेन्स घेण्याआधी ही नोंद जरूर वाचा, कुठल्याही सल्लागारापेक्षा ती खरं बोलते. माझ्या नोंदीत निघालं ते असं. सिरपूरचे जवळपास सगळे फोटो ५५ वर, आणि तरी कापून मोठे केलेले. वाड्यातले काही १८ वर, कारण खोल्या अरुंद. बाकीचे ५५ वर, आणि त्यातले बहुतेक हललेले. म्हणजे दोन्ही गरजा खऱ्या होत्या. नोंदीने निकाल दिला नाही.

निकाल दिला तो कॅलेंडरने. सिरपूर तलावाला २०२२ मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळालाय, म्हणजे जगभर जपायच्या पाणथळ जागांच्या यादीत तो आहे. बदकं पुढच्या हिवाळ्यातही येतील. माजघर पुढच्या हिवाळ्यात नसणार.

ज्या दुकानात मी सेकंडहँड लेन्स बघायला गेले, तिथल्या काकांनी तर माझं ऐकण्याआधीच विचारलं, "बेटा, पहले ये बताओ, सबसे ज़्यादा अँधेरे में क्या खींचना है?" इतके दिवस सगळे "सबसे दूर का" विचारत होते. मी म्हटलं, आजोबा. ते हसले आणि मागच्या कपाटातून १७-५० एफ/२.८ काढून दिली. टॅमरॉनची, वापरलेली, दिसायला अगदी साधी.

पण वापरलेली लेन्स दिसण्यावर घ्यायची नसते. तिथे मी जे जे तपासलं ते इथे लिहून ठेवते, मंडळातल्या कुणाला तरी उपयोगी पडेल.

आधी ती आपल्या कॅमेऱ्यावर चालते का ते. माझा कॅमेरा निकॉनच्या सुरुवातीच्या श्रेणीतला, त्यात फोकसची मोटर नसते. म्हणून लेन्समध्येच मोटर असलेली आवृत्ती हवी, नाहीतर फोकस हाताने करत बसा. कॅननवाल्यांनी लक्षात ठेवायचं ते असं की ईएफ-एस लेन्स फक्त लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर बसते, ईएफ दोन्हींवर. मग मोबाइलचा टॉर्च लेन्सच्या मागून लावून पुढून तिरकं बघायचं. थोडी धूळ असली तर चालते, फोटोत दिसत नाही. पण कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी, लेन्स परत द्या. आपल्याकडे पावसाळ्यात कपाटात बंद ठेवलेल्या लेन्सना ती हमखास धरते. छिद्राच्या पात्यांवर तेल आलेलं नाही ना, झूमची कडी मध्येच अडकत नाही ना, लेन्स खाली धरली की नळकांडं आपोआप घसरत नाही ना, हेही पाहायचं.

शेवटची परीक्षा वर्तमानपत्राची. भिंतीवर पेपरचं पान सपाट चिकटवायचं, कॅमेरा अगदी समोर, सरळ ठेवायचा, एफ/२.८ वर फोटो काढायचा आणि चारही कोपऱ्यांतली अक्षरं मोठी करून वाचायची. कोपरे मधल्यापेक्षा थोडे मऊ असणारच, पण चौघे सारखे हवेत. एकच कोपरा वाहून गेला असेल तर आतली काच सरकलेली आहे, कधीतरी पडलेली लेन्स आहे. काकांनी नई दुनियाचं पान दिलं, मी चारही कोपऱ्यांतल्या जाहिराती वाचून दाखवल्या, आणि १३ हजारांत लेन्स माझी झाली. उरलेल्या पैशांतून हूड, एक हवाबंद डबा आणि सिलिका जेलची पाकिटं घेतली.

दुकानात आणखी एक लेन्स होती, कंप रोखणारी. निकॉन त्याला व्हीआर म्हणतं, कॅनन आयएस, टॅमरॉन व्हीसी. माझ्या लेन्समध्ये ते नाही. हे फार उपयोगाचं आहे, यात शंका नाही, पण ते थांबवतं तो आपल्या हाताचा कंप. समोरच्याच्या हाताचा नाही. आणि आजोबांचा उजवा हात सारखा हलतो.

माजघरातलं माझं गणित असं होतं. आयएसओ १६०० ठेवला तर जुन्या लेन्सने, झूम करून, सेकंदाचा १/१५ भाग शटर उघडं ठेवावं लागायचं. तेवढ्यात आजोबांची बोटं धुरासारखी पुसट यायची. फ्लॅश लावायचा नव्हता. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर त्यांचे डोळे दिपायचे, आणि खरं सांगायचं तर फ्लॅश लावला की ते माजघर माजघर राहत नाही, पासपोर्ट फोटोवाल्याची खोली होते. नव्या लेन्सने त्याच उजेडात १/६० मिळालं. चौपट उजेड, चौपट वेग. खांबाला खांदा टेकवून, श्वास धरून काढलं की अडकित्ता धरलेली बोटं स्पष्ट यायला लागली. नखावरची रेघसुद्धा.

भाद्रपदापासून दिवाळीपर्यंत मी जवळजवळ प्रत्येक रविवारी वाड्यात गेले. १७ वर माजघर पूर्ण यायचं, देवघराच्या कोनाड्यापासून पोटमाळ्याच्या जिन्यापर्यंत. ५० वर दोन मीटर लांब, पायरीवर बसून आजोबा. पहिल्या दोन रविवारी ते कॅमेरा बघून ताठ बसायचे, टोपी नीट करायचे. तिसऱ्या रविवारी विसरले. मी लांब होते, उजेडात काही लखलखत नव्हतं, म्हणून विसरले. मग बोलायला लागले. या फडताळात आजी लोणच्याच्या बरण्या ठेवायची. या कडीला आत्याचा पाळणा होता. या उंबऱ्यावर गिरणीचा भोंगा ऐकत बसायचो, दुसऱ्या पाळीला जायचं असलं की. मी हे सगळं वहीत लिहून घेतलं, कारण फोटोत कडी दिसते, पाळणा दिसत नाही.

एकदा त्यांनी फडताळातून त्यांचा जुना कॅमेरा काढून दाखवला. आग्फा क्लिक थ्री. हा आपल्या वडोद्यातच बनायचा. एका रोलमध्ये १२ फोटो, लेन्स एकच, झूम वगैरे काही नाही. "बारा फोटोत अख्खं लग्न उरकायचो मी," म्हणाले. मी विचारलं, "मग आजोबा, कुणाला लांबून घ्यायचं झालं तर?" ते म्हणाले, "त्याला हाक मारायची की!"

या लेन्सने काय मिळालं नाही, तेही सांगते. अनंत चतुर्दशीच्या झांक्यांत रात्री उजेड पुरला, पण लांबची झांकी लहानच आली. स्नेहसंमेलनात मागच्या रांगेतून नट ओळखू येत नाहीत, त्यासाठी मंचाच्या पायथ्याशी बसावं लागतं आणि पहिल्या रांगेतले सर माझ्या डोक्याकडे बघत राहतात. रंगपंचमीच्या गेरमध्ये तर ती मी नेतच नाही. झूम करताना जी लेन्स पुढे लांब होते ती आत हवा ओढते, आणि गेरमध्ये हवेत हवा कमी नि गुलालच जास्त असतो. आणि २.८ वर सगळ्यांचा एकत्र फोटो काढला की पुढची रांग स्पष्ट, मागची धुरकट. तिथे छिद्र लहान करून ५.६ वर जावंच लागतं. म्हणजे महागडा आकडा असला तरी तो प्रत्येक वेळी वापरायचा नसतो.

ज्युनियर मित्रमैत्रिणी हल्ली विचारतात, आता मिररलेसचा जमाना आहे, डीएसएलआरची लेन्स घेऊन काय करायचं? माझं म्हणणं, उलट आता घ्या. लोक जुनं विकतायत म्हणून चांगल्या लेन्स आपल्या आवाक्यात आल्यात. कॅननच्या ईएफ लेन्स अॅडॉप्टर लावून त्यांच्या मिररलेसवर उत्तम चालतात. निकॉनच्या अॅडॉप्टरवर मोटर नसलेल्या जुन्या लेन्सचा ऑटोफोकस मात्र चालत नाही, तेवढं बघून घ्या. बॉडी बदलत राहते. चांगली काच, बुरशीपासून जपली तर, खूप वर्षं टिकते.

आणि कुणी "कोणती लेन्स घेऊ?" विचारलं, तर मी आता दुकानदार काकांचाच प्रश्न विचारते. त्याच्या जोडीला माझा एक. तुला जे टिपायचंय ते पुढच्या वर्षी तिथे असणार आहे का?

वाड्याच्या जागी सध्या पत्रे ठोकलेत. आजोबा आमच्याकडे, तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये असतात. लिफ्ट आहे, बाथरूम खोलीला लागून आहे, आणि खिडक्या इतक्या मोठ्या की त्यांचा फोटो खोक्यातल्या जुन्या लेन्सनेही सहज येतो. माजघराच्या फोटोंचा अल्बम त्यांच्या उशाशी असतो. ते रोज उघडून बघतात असं काही नाही. पण पाहुणे आले की काढतात, आणि कडीचा फोटो आला की पाळण्याची गोष्ट सांगतात.

मी आता ७०-३०० साठी पुन्हा पैसे साठवतेय. आजोबांना सांगितलं तर म्हणाले, "लेन्स येईल तेव्हा येईल. आत्याकडे दुर्बीण पडून आहे, ती आण. या थंडीत मलाही ने सिरपूरला. बदकं काय, नुसती बघताही येतात."